रखमा नावाची बाई

छत्रपती संभाजीनगर
१२ फेब्रुवारी २०२५

आदरणीय बाई,

सादर नमस्कार. श्रवणयंत्र बदलूनही फोनवरचे शब्द तुम्हाला नीट लागत नाहीत, असे तुमच्या लेकीने, नीरजाताईंनी, बेळगावहून कळवले. वाईट वाटले, आणि खरे सांगायचे तर थोडे बरेही वाटले. तुम्हाला पत्र लिहायला बसले, की माझे विचार आपोआप रांगेत उभे राहतात.

सोबत लेख जोडला आहे. आपल्या आरोग्य-समाजशास्त्र परिषदेचा नियम तुम्हीच घालून दिलेला आहे. आजारी माणसांच्या मुलाखतींवर आधारलेला कोणताही लेख छापण्याआधी एका ‘परक्या वाचकाने’ वाचायचा. त्याचा त्या भागाशी काही संबंध नसावा, आणि त्याने एवढेच सांगायचे, की लेखातले माणूस कोण ते आपल्याला ओळखता येते का. माझ्या लेखासाठी परिषदेने तुमची निवड केली हे कळल्यावर मी विभागातल्या सगळ्यांना चहा पाजला.

विषय असा. शेंद्र्याच्या औद्योगिक वसाहतीलगतच्या एका गावात क्षयरोग झालेल्या बायका आपले औषधपाणी घरच्यांपासून कसे लपवतात, याचा मी शोध घेतला. ते माझ्या आत्याचे गाव. आत्याचे यजमान तात्यासाहेब, म्हणजे माझे मामा, तिथल्या शाळा समितीचे अध्यक्ष आहेत. त्यांच्या ओळखीमुळे दारे उघडली. मात्र बायका बोलत्या झाल्या त्या मामा उठून गेल्यावरच.

त्यांतल्या तिघींचे अनुभव मला फार मोलाचे वाटले. पण गाव लहान. कोणत्याही एकीचे जसेच्या तसे लिहिले, तर शेजारीण वाचताक्षणी ओळखेल. म्हणून मी तिघींची मिळून एक बाई केली आणि तिचे नाव रखमा ठेवले. एकीचे वैधव्य घेतले. दुसरी एका कारखान्याच्या कॅन्टीनमध्ये स्वयंपाक करते. तिचा व्यवसाय घेतला. तिसरी गावातल्या आशाताईंची नजर चुकवून दर महिन्याला गोळ्या आणायला शहरात शहागंजला जाते. तिची ती वाट घेतली. गोळ्या हळदीच्या डब्यात ठेवण्याची युक्ती तर तिघींचीही. शेवटी रखमा औषधाचा पूर्ण कोर्स करून बरी होते, कारण तिघीही बऱ्या झाल्या आहेत.

ही सगळी रीत मी शेवटच्या तळटिपेत सांगितली आहे. माझी शंका त्या टिपेविषयीच आहे. तीच टीप वाचून गावातले लोक तिघींचा माग काढतील का?

ऑगस्टमध्ये माझी नोकरी कायम करण्याचा निर्णय होईल. त्यासाठी परिषदेच्या वार्षिकात छापलेला एक तरी लेख हवा, आणि माझ्याकडे हाच एक आहे. हे लिहायला नको होते. पण तुमच्यापासून लपवून तरी काय करणार?

आपली,
तनुजा दांडगे

बेळगाव
२० फेब्रुवारी २०२५

प्रिय तनुजा,

लेख दोनदा वाचला. पहिल्यांदा परकी वाचक म्हणून आणि दुसऱ्यांदा निव्वळ आनंदासाठी. हळदीचा डबा तू फार नेमका पकडला आहेस. घरातला कोणताही पुरुष ज्या डब्यात हात घालत नाही, तो डबा म्हणजे बाईची स्वतःची खोली. हे वाक्य मला सुचले आहे. हवे तर घे.

आता शंकेकडे वळू. आपण क्रमाने जाऊ. माणूस ओळखू येण्याला तीन चाळण्या असतात. पहिली नावाची. ते तू बदलले आहेस. दुसरी ठिकाणाची. गावाचे नाव तू दिलेलेच नाहीस. तिसरी चाळणी प्रसंगांच्या जुळणीची, आणि हीच सर्वांत बारीक. एकाच बाईच्या आयुष्यात अमुक तीन गोष्टी एकत्र घडल्या, एवढे कळले की शोधणाऱ्याला बाकी काही लागत नाही. ती जुळणीच तू मोडून टाकलीस. विधवा आहे, पण ती स्वयंपाकीण नाही. स्वयंपाकीण आहे, पण ती शहागंजला जात नाही. शोधणारा तिन्ही खुणा घेऊन निघाला, तर त्याला त्या गावात कोणीही सापडणार नाही. ही रीत मी वर्गात कितीतरी वर्षे शिकवली. पण इतक्या सफाईने वापरलेली क्वचितच पाहिली.

यातूनच तळटिपेचे उत्तर निघते. टीप नसेल, तर वाचक एका बाईला शोधेल आणि रिकाम्या हाताने परत येईल. टीप असेल, तर आपण होऊन त्याला सांगितल्यासारखे होईल, की तीन बायका आहेत आणि खुणा वेगळ्या करून शोध. म्हणून माझे स्पष्ट मत आहे, की टीप काढावी. रीतीविषयी कोणी विचारले, तर परिषदेला खासगीत कळवता येईल.

परकी वाचक म्हणून माझा अभिप्राय: ‘ओळख पटत नाही. छापण्यास हरकत नाही.’ तसे आजच संपादकांना लिहिते. वृत्तपत्रासाठी सोपे मराठी रूपही जरूर कर. ज्यांच्याविषयी आपण लिहितो, त्यांच्या भाषेत ते कधी पोहोचतच नाही, ही आपल्या धंद्यातली जुनी लाज आहे.

तुझी,
अनसूया सेलूकर

छत्रपती संभाजीनगर
१४ एप्रिल २०२५

आदरणीय बाई,

तुम्ही सांगितल्याप्रमाणे टीप काढून लेख वार्षिकात आला, आणि क्षयरोग दिनाला त्याचे सोपे रूप एका दैनिकाच्या पुरवणीत छापून आले. तुम्हाला अंक पाठवायचाच राहिला. कारण पुढे लिहिते.

आत्याच्या गावातल्या कोणीतरी पुरवणीतल्या पानाचा फोटो गावाच्या ग्रुपवर टाकला. गावाचे नाव त्यात नव्हते. पण गेले वर्षभर मी त्यांच्याच गल्ल्यांतून फिरत होते, हे प्रत्येकाला ठाऊक होते. मी जी पाटी कोरी ठेवली, ती त्यांनी वाचण्याआधीच भरली होती.

त्यांनी रखमेला शोधले, आणि ती सापडली.

गावात चतुराबाई नावाची बाई आहे. शाळेत मुलांची खिचडी शिजवते. पती वारलेले आहेत. सख्खी बहीण शहागंजात राहते, म्हणून महिन्यातून एकदा तिकडे जाऊन येते. बाई, तुमची शपथ, मी तिला आयुष्यात कधी एक प्रश्नही विचारलेला नाही. मुलाखत घेणे तर दूरच. तिला कधी क्षयरोग झालेलाच नाही. तिघींना झाकण्यासाठी मी जे कापड शिवले, ते चौथीच्याच अंगाला नेमके बसले.

पुरवणी आल्यापासून निम्मी मुले घरून डबा आणू लागली आहेत. मामांनी मला बोलावून घेतले. आवाज चढवला नाही; त्याचेच जास्त लागले. म्हणाले, “तने, आमची पोर म्हनून तुला गावात फिरू दिलं. आता लोक मलाच इचारायलेत, चतुरीला खिचडीवर ठिवायचं का काढायचं. जूनमधी शाळा उघडायच्या टायमाला नवीन नेमनूक करायची हाय. काय सांगू मी?”

मी म्हटले, “मामा, ती चतुराबाई नाहीच.”

“मग कोन?”

ओसरीवर बसलेल्या माणसाने लगेच एक नाव घेतले. दुसऱ्याने आणखी एक घेतले. बाई, ते दुसरे नाव बरोबर होते. त्या तिघींपैकी एकीचे. मी पाण्याचा तांब्या उचलला आणि तोंडाला लावला, म्हणजे तोंड दिसू नये. ‘चतुराबाई नाही’ असे मी जितक्यांदा म्हणेन, तितक्यांदा ते पुढच्या दारावर थाप मारणार.

जाताना चतुराबाईच्या घरी गेले. ती भांडी घासत होती; हात थांबवले नाहीत. म्हणाली, “मला येक सांग माय. तुझ्या त्या रखमेला नवरा नाय, मला बी नाय. ती सैपाक करती, मी बी करती. ती शहागंजला जाती, मी बी जाती. मंग मला खोकला नाय, येवढाच काय तो फरक?”

मी काय करू ते सांगा.

आपली,
तनुजा

बेळगाव
२२ एप्रिल २०२५

प्रिय तनुजा,

तुझे पत्र वाचले आणि रात्रभर टाचणे काढत बसले. हे जे घडले आहे, त्याचे महत्त्व तुझ्या ध्यानात येते आहे का? आपण सगळे आजवर एकाच भीतीपोटी काम करत आलो, की खरे माणूस ओळखले जाईल. खोटे माणूस ओळखले जाईल, ही शक्यता कुणाच्या मनातही आली नाही. कल्पून जोडलेल्या खुणांच्या जागी गाव एक जिवंत व्यक्ती बसवते. का, तर गावाला रिकामी जागा सहन होत नाही. परक्याला ओळखायला नाव लागते. शेजाऱ्याला नुसती चाल पुरते, कोण कधी कुठे जाते एवढे पुरते. मग परक्या वाचकाची आपली पद्धत चुकीच्याच दारावर पहारा देत होती. यावर तू लिहिलेच पाहिजेस. डिसेंबरच्या अधिवेशनात स्वतंत्र सत्र ठेवता येईल. मी संयोजकांशी बोलते.

चतुराबाईंसाठी उपाय त्या मानाने सरळ आहे. त्यांची थुंकी तपासून घ्यावी. अहवालात रोग नसल्याचे दिसले, की प्रश्न मिटला. समितीला कागद आवडतात.

एक विचारते, राग मानू नकोस. तू त्यांना कधीतरी ओझरती भेटली असशील, शाळेच्या अंगणात पाहिले असशील, आणि जोडणी करताना त्या नकळत मनात आल्या असतील, असे तर नाही? असे होते. मन साठा करते आणि आपल्याला पत्ता लागू देत नाही.

तुझी,
अनसूया

छत्रपती संभाजीनगर
२ मे २०२५

आदरणीय बाई,

तुमचे पत्र वाचून मला राग आला. चार दिवस उत्तर लिहिले नाही, कारण लिहिले असते ते तुम्हाला लिहिण्याजोगे नव्हते.

सत्राचे कृपा करून कोणाशी बोलू नका. तुमच्या टाचणांत चतुराबाई हा एक शोध आहे. इथे ती एक बाई आहे, आणि जूनमध्ये तिच्या हातातला झारा दुसऱ्या कुणाच्या हातात जाणार आहे. आणि नाही, मी तिला पाहिलेले नव्हते. या प्रश्नाने मी माझी सगळी टिपणे पुन्हा चाळली, एवढे मात्र तुम्ही केलेत. आता मी स्वतःच्याच आठवणीची साक्ष घेते आहे आणि मला तिच्यावर भरवसा राहिलेला नाही.

तपासणीचे सांगते. चतुराबाईला मी विचारण्याआधीच मामांनी विचारले होते. ती म्हणाली, “सगळ्या गावानं थुंकी दिली तर मी बी देईन.” लोक हसले. मग दोन दिवसांनी कुणालाही न सांगता एकटीच जाऊन तपासून आली. अहवालात काहीही नाही. मामांनी तो समितीत वाचून दाखवला. त्यावर एक गृहस्थ म्हणाले, “रिपोर्ट कोराच येनार की. पेपरात लिव्हलंयच ना, गोळ्या पुऱ्या केल्या, बरी झाली म्हनून.”

बाई, हे मी लिहिले होते. त्यातून लोकांना आशा वाटावी म्हणून शेवटच्या परिच्छेदात लिहिले होते. पूर्ण औषध घेऊन बरा झालेल्या माणसापासून कुणाला लागण होत नाही, हेही त्याच परिच्छेदात आहे. ते वाक्य कुणाच्याही लक्षात राहिलेले नाही.

तीन बायका होत्या असे सांगितले, तर तिघींचा शोध सुरू होतो. एक नाव तर आधीच उच्चारले गेले आहे. तिचे लग्न होऊन अजून वर्ष झालेले नाही. काही न सांगावे, तर चतुराबाई जाते. उरते ते एकच. समितीला लेखी द्यायचे, की रखमा कोणीही नाही, ती मी मनाने रचली. मग शोधायला काही उरणारच नाही.

तुमचे मत हवे आहे. परवानगी मागत नाही.

आपली,
तनुजा

बेळगाव
१२ मे २०२५

प्रिय तनुजा,

रागावलीस ते योग्यच केलेस. टाचणे कपाटात ठेवली.

पण तू जे लिहून देऊ पाहतेस, ते देऊ नकोस. का, ते नीट ऐक.

‘जोडणे’ आणि ‘रचणे’ यांत आपल्या शास्त्राचा सगळा पाया आहे. सुताराने तीन खुर्च्यांची लाकडे घेऊन एक खुर्ची केली, तर ती खुर्ची खोटी होत नाही. तिच्यावर बसता येते. रखमेचे प्रत्येक वाक्य कोणीतरी उच्चारले आहे. डॉक्टरांना रोग दिसतो. त्या रोगाला घरात किती लपून राहावे लागते, ते आपल्याला दिसते. आणि आपल्याजवळ पुरावा म्हणून या वाक्यांखेरीज काहीही नाही. एकदा एका संशोधिकेने सही करून सांगितले, की हे मी मनाने रचले, की वैद्यकशाखेतले लोक आम्हा सर्वांकडे पाहून हसतील. तेवढेच नाही. परिषद त्याला एकच नाव देईल: बनावट माहिती. त्यानंतर कोणते महाविद्यालय तुला कायम करेल?

थोडा धीर धर. गावाच्या चर्चा उन्हाळ्यात तापतात आणि शेतीची कामे सुरू झाली, की निवतात. जूनपर्यंत विषय मागे पडेल. तोवर वार्षिकाच्या पुढच्या अंकात रीतीचा खुलासा छापण्याविषयी मी संपादकांना सुचवते. लिहून देण्याचे मात्र टाळ. ही विनंती समज, आज्ञा समज, काय हवे ते समज.

तुझी,
अनसूया

छत्रपती संभाजीनगर
१८ जून २०२५

आदरणीय बाई,

लिहून दिले.

विषय मागे पडला नाही. शाळा उघडण्याच्या आदल्या दिवशी समितीची बैठक होती, आणि चतुराबाईच्या जागी कोणाला घ्यायचे हेही ठरले होते. मी न बोलावता गेले. वर्गातल्या मुलांच्या बाकांवर माणसे बसली होती. मामा तेवढे खुर्चीवर. मी कागद वाचून दाखवला: ‘लेखातील रखमा ही व्यक्ती मी माझ्या कल्पनेने रचली असून या गावातील कोणत्याही स्त्रीशी तिचा संबंध नाही.’ दोन्ही विधाने खोटी. हस्ताक्षर मात्र चांगले आले.

मामांनी चष्मा काढला. “म्हंजी येवढं पेपरात आलं ते समदं तुझ्या मनानं?”

“व्हय मामा.”

“आन् सरकार तुला ह्याचा पगार देतं?”

मागच्या बाकावरून कोणीतरी म्हणाले, “आपल्याला बी लावा की ह्या कामाला, बसल्या बसल्या बाया करू.” सगळे हसले. मीही हसले, कारण तेवढीच मदत मला करता येत होती. ते जितके हसतील, तितके ते शोधणार नव्हते. मामा हसले नाहीत. त्यांनी चतुराबाईची नेमणूक कायम ठेवण्याचा ठराव सांगितला आणि एकाही माणसाने हरकत घेतली नाही. आत्याकडे मी त्या दिवशी जेवायला थांबले नाही. कोणी थांब म्हणालेही नाही.

चतुराबाई दाराशी उभी होती. आभार वगैरे काही नाही. म्हणाली, “तवा लिव्हलं ते खोटं व्हतं म्हनती. मंग आता लिव्हलं ते तरी खरं का?” मी उत्तर देण्याआधी ती चुलीकडे गेली. दुसऱ्या दिवशी शाळेत जाऊन पाहिले. मुले खिचडी खात होती.

आता तुम्ही सांगितले होते तसेच झाले. माझ्या विभागातला विश्वजीत, त्याची सासुरवाडी त्याच गावची. सासरच्या ग्रुपवर माझ्या कागदाचा फोटो आला. त्याने तो परिषदेच्या ग्रुपवर टाकून विचारले, “हे काय आहे?” त्याच्यावर मी रागावू शकत नाही, त्याच्या जागी मीही विचारले असते. संध्याकाळपर्यंत राज्यभरातल्या सगळ्या ओळखीच्या माणसांनी तो कागद वाचला होता. काहींनी दुःख व्यक्त केले. ज्यांच्या शोधनिबंधाच्या प्रती मी जागून तपासल्या, त्यांनी फक्त अंगठा दाखवणारी खूण केली. कशाला, ते कळले नाही. परिषदेने चौकशी समिती नेमली आहे आणि मुलाखतींचे ध्वनिमुद्रण मागितले आहे. समितीत स्थानिक सदस्य म्हणून विश्वजीत आहे.

आपली,
तनुजा

बेळगाव
३० जुलै २०२५

प्रिय तनुजा,

तुझे पत्र मिळून महिना उलटला. रागावले होते म्हणून गप्प राहिले. मग राग कशाचा हे तपासत गेले, तेव्हा आढळले, की तू माझे ऐकले नाहीस याचा तो मुख्यतः होता. तो आता ओसरला आहे.

एक गोष्ट तुला सांगायची होती. मे महिन्यात, तुला ते सुताराचे उदाहरण लिहिले त्याच आठवड्यात, वार्षिकाच्या संपादकांनी मला विचारले होते, की लेखात रीतीविषयी टीप का नाही. मी उत्तर दिले नव्हते. गेल्या आठवड्यात दिले. टीप मूळ लेखात होती, ती माझ्या सांगण्यावरून निघाली, आणि रखमा जोडलेली आहे, रचलेली नाही, हे मला पहिल्यापासून ठाऊक होते, असे त्यांना आणि चौकशी समितीला लिहून पाठवले आहे. ते गुप्त ठेवावे, अशी विनंतीही त्यांना केली आहे.

पण माझ्या शब्दाने भागणार नाही. मी बायकांना ऐकलेले नाही. फक्त तुला वाचले आहे. म्हणून तू ध्वनिमुद्रण समितीपुढे ठेव. तिथे सगळे व्यवसायाने बांधलेले लोक आहेत. गुप्ततेची लेखी हमी घे. तिघींचे आवाज त्यांनी ऐकले, की तुझ्या नावावरचा डाग पुसला जाईल आणि गावाला काही कळणार नाही. इतका स्वच्छ मार्ग समोर असताना तू नाही म्हणावेस, याला मला एकही कारण दिसत नाही. दिसत असेल तर मला समजावून सांग. इतकी वर्षे मी तुला समजावून सांगत आले आहे; आता उलट दिशेनेही होऊ दे.

तुझी,
अनसूया

छत्रपती संभाजीनगर
९ सप्टेंबर २०२५

आदरणीय बाई,

समजावून सांगते, क्रमाने.

आवाजाला नाव लागत नाही. विश्वजीत प्रत्येक सणाला सासुरवाडीला जातो. त्यातली एक बाई त्याला जेवायला वाढत असेल, दुसरी त्याच्या मेहुणीच्या शेजारी राहत असेल. तो चांगला माणूस आहे, हमीवर सही करेल आणि ती पाळेलही. पण पुढच्या वेळी ती ताट घेऊन समोर आली, की त्याच्या चेहऱ्यावर जे क्षणभर येईल, त्याची हमी कशी घेणार? आणि हे आवाज फक्त माझ्याजवळ राहतील असे मी त्यांना सांगितले होते. समितीला मी एवढेच म्हटले, की ध्वनिमुद्रण देणार नाही. विश्वजीतने समोरचा मागणीचा कागद उलटा करून ठेवला. मला वाटते, त्याला कळले. त्यामुळे तर मला आणखीच भीती वाटली.

निर्णय तुम्हाला आला असेल. लेख मागे घेतला. वार्षिकात मी काही वर्षे लिहू शकणार नाही. महाविद्यालयाने मला कायम करणे पुढच्या वर्षावर ढकलले; ‘दुसरा लेख आणा’ म्हणाले. परिषदेने परक्या वाचकांमधून तुमचे नाव कमी केले, हे मला विश्वजीतने सांगितले, तुम्ही नाही. ती पद्धत तुम्ही उभी केली होती. याविषयी मी काय लिहू, ते मला सुचत नाही. म्हणून नुसतेच लिहिते, की मला ठाऊक आहे.

रात्री झोप लागत नाही. वर्गात ‘माहितीची विश्वासार्हता’ शिकवताना मुले एकमेकांकडे पाहतात. चतुराबाईचे मात्र ठीक चालले आहे. हे मी रोज स्वतःला सांगते आणि ते खरे आहे.

आता जे सांगायचे म्हणून आज पत्र लिहायला घेतले ते सांगते.

परवा शहरातल्या एका बाजारात गेले होते. कोणत्या ते लिहीत नाही. तिथे त्या तिघींपैकी एक भेटली. कोणती तेही लिहीत नाही. तिच्यासोबत तिची जाऊ होती. जावेने मला ओळखले आणि हसून तिला कोपराने ढोसले. “ह्याच का गं त्या म्याडम, खोटी बाई छापलेल्या?”

ती म्हणाली, “ह्याच. मला तर ते ऐकून रडू आलतं. आन् बाई निघाली खोटी.”

“हिला कशाचं बी रडू येतं,” जाऊ मला म्हणाली.

बाई, आजवर मी विचार केला होता तो चतुराबाईचा, समितीचा, तुमचा, माझा. त्या तिघींना मी झाकले एवढेच मला माहीत होते. जे तिने जगात फक्त मला सांगितले, ते मी सगळ्या गावासमोर सही करून खोटे ठरवले, हे मला तिच्या तोंडून कळले. आणि तिच्याजवळ जाऊन ‘तसे नाही’ म्हणण्याची सोय नव्हती. जाऊ मध्ये उभी होती.

ती एका गाड्यावरच्या बांगड्या चाळवत राहिली. मग माझ्याकडे न पाहताच म्हणाली, “म्याडम, पर त्या बाईचं म्होरं काय झालं? तुमी लिव्हलंच नाय.”

जाऊ म्हणाली, “अगं खोटीचं काय व्हनार म्होरं?”

“इचारलं तर काय झालं? त्यांनीच केलीय, त्यांला ठाव असंल.”

मी म्हटले, “ती चांगली आहे. तब्येत सुधारली. पुन्हा काही त्रास झाला नाही.”

“आन् घरच्यांला कळलं का?”

“नाही. कुणालाच कळलं नाही. आणि कळणारही नाही.”

“नक्की?”

“नक्की.”

तिने हिरव्या बांगड्या बाजूला काढल्या, जावेच्या मनगटाला लावून पाहिल्या आणि बांगडीवाल्याला म्हणाली, “ह्यातलं मोठं माप दाव.”

आपली,
तनुजा